राज्याची सीमा ओलांडताच बदलणारे कुटुंब



अमेरिकेतील समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा विषय निघाला की चर्चा नीतीपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. कायदा प्रत्यक्ष घरात शिरून काय करतो, इकडे फारसे कोणी वळत नाही. अमेरिकेत विवाह, दत्तक, वारसा, जन्ममृत्यूची नोंद हे विषय मुख्यतः पन्नास राज्यांच्या हाती आहेत. भारतीय मनाला हे चटकन उमगत नाही. भारतात विवाहाचे कायदे धर्मागणिक वेगळे असले तरी ते बहुतांशी संसदेने केलेले आहेत. गोव्याचा पोर्तुगीजकालीन नागरी कायदा हा त्यातला ठळक अपवाद.

१९९३ मध्ये हवाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारण्याचे सबळ कारण शासनाकडे मागितले. एका राज्याने मान्यता दिली तर ती सर्वांना स्वीकारावी लागेल, या धास्तीने अमेरिकी संसदेने १९९६ मध्ये कायदा केला : परराज्यातील असा विवाह मानण्याचे बंधन कोणत्याही राज्यावर नाही, आणि केंद्रही तो मानणार नाही. १७ मे २००४ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले विवाह झाले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला अकरा राज्यांतील मतदारांनी आपापल्या घटनेत त्याविरुद्ध दुरुस्त्या केल्या. ओहायो त्यांपैकी एक.

या ओहायोतील जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर दोन दशके एकत्र राहत होते. आर्थर यांना स्नायू निकामी करणारा असाध्य आजार जडला होता. केंद्राने असे विवाह न मानण्याचे १९९६ चे कलम सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये रद्द केले. पुढच्याच महिन्यात हे दोघे रुग्णवाहू विमानाने मेरीलँडला गेले आणि धावपट्टीवर उभ्या विमानातच विवाहबद्ध होऊन परतले. परतताच ओहायोच्या कायद्याने ते पुन्हा परके ठरले. आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘अविवाहित’ लिहिले जाणार होते. त्या एका रकान्यासाठी सुरू झालेला लढा २६ जून २०१५ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकालात निघाला आणि सर्व राज्यांत समलिंगी विवाह वैध झाला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी मत नोंदवले. हा निर्णय न्यायाधीशांनी नव्हे, लोकांनी आपल्या प्रतिनिधींमार्फत घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही.

परंतु विवाहाच्या व्याख्येविषयी कितीही मतभेद असोत, घरात वाढणारे मूल त्या वादात कोणत्याच बाजूचे नसते. अलाबामातील दोन स्त्रियांचेच पाहा. एकीने तीन मुलांना जन्म दिला, दुसरीने २००७ मध्ये जॉर्जियाच्या न्यायालयातून त्यांना रीतसर दत्तक घेतले. पुढे दोघी विभक्त झाल्या आणि अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाचा दत्तक आदेशच अमान्य केला. ज्या आईने मुले वाढवली, तिचा त्यांच्यावर कायदेशीर हक्क उरला नाही. मार्च २०१६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय एकमताने उलटवला. आर्कान्सामध्ये तर वेगळाच प्रकार होता. दात्याच्या बीजातून मूल झाले तरी जन्मदाखल्यावर पतीचे नाव लागे. तेथे पत्नी असेल तर मात्र नाव लागत नसे. न्यायालयाने २०१७ मध्ये हा भेद मोडून काढला.

तरीही राज्याराज्यांतील दरी बुजलेली नाही. अठरा वर्षांखालील पारलिंगी मुलांच्या उपचारांवर टेनेसीने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ग्राह्य धरली. अन्य अनेक राज्यांत असे उपचार उपलब्ध आहेत. २०२२ च्या केंद्रीय कायद्यामुळे परराज्यातील विवाह मानणे बंधनकारक झाले. पण २०१५ चा निकाल कधी फिरला, तर स्वतःच्या हद्दीत असे विवाह लावण्याची सक्ती राज्यांवर राहणार नाही. टेक्सासच्या घटनेत २००५ ची बंदी अजून शब्दशः आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्याकडची २०२४ मध्ये पुसली.

या दोन्ही राज्यांत मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीलाही हेच कायदे लागू आहेत. भारतात मात्र असा विवाह मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो विषय विधिमंडळांवर सोपवला. तिकडचे वकील विवाहित स्त्रियांच्या जोडप्यालाही सांगतात की, जन्मदाखल्यावर दोघींची नावे असली तरी जन्म न देणाऱ्या आईने मुलाला न्यायालयातून दत्तक घ्यावे. दाखला ही कचेरीतील नोंद असते. न्यायालयाचा आदेश दुसऱ्या राज्याला नाकारता येत नाही.