बुटांच्या लेसनी लिहिलेले तीन शब्द

म्युझियम म्हटलं की आपली पोरं अंग चोरतात. ती जागा त्यांची, तिथं कुजबुजत बोलायचं! आज मी बोलणार तो नारी वॉर्ड भंगार घेऊन तिथं घुसला. १९६३ साली जमैकात जन्मला, बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आला, पुढं हार्लेमच्या रस्त्यावर लोकांनी टाकलेलं उचलून काम करू लागला. २०१९ साली न्यू यॉर्कच्या न्यू म्युझियमनं त्याच्या पंचवीसेक वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं.

१९९३ सालचं काम घ्या. हार्लेममधला बंद पडलेला बंबखाना. आत टाकून दिलेल्या तीनशेहून जास्त बाबागाड्या, जहाजाच्या आकारात रचलेल्या. मूल एकाही गाडीत नाही. बेघर माणसं असल्या गाड्यांतून आपलं बिऱ्हाड ढकलायची, रिकाम्या बाटल्या-डबे गोळा करायची. मधून चालायला वाट, तीही बंबाच्या जुन्या पाइपांची. आणि महालिया जॅक्सनच्या आवाजात ‘अमेझिंग ग्रेस’. त्या भजनाचे शब्द जॉन न्यूटनचे. हा गृहस्थ आधी गुलामांच्या जहाजावर कप्तान होता. आता तो जहाजाचा आकार पुन्हा बघा! पाइपांवर पाय ठेवताना मला १९६३ चं बर्मिंगहॅम आठवतं, काळ्या पोरांच्या मोर्च्यावर सोडलेलं पाणी. हे माझं वाचन, वॉर्डच्या तोंडी घालत नाही.

काही मित्र म्हणतील, भंगार म्युझियमात गेलं की त्याचा दागिना होतो. थोडं खरंय. बंबखान्यात होतं तेव्हा गाडी ढकलणारा माणूस बाहेरच्याच फुटपाथवर होता. म्युझियमात येतो तो तिकीट काढून. पण म्हणून तिथली भिंत त्यांनाच सोडून द्यायची?

त्याच भिंतीवर वॉर्डचं २०११ चं काम होतं. भिंतीला भोकं, भोकांतून ओवलेल्या रंगीबेरंगी बुटांच्या लेस. लांबून अमेरिकी घटनेचे पहिले तीन शब्द दिसतात, ‘वुई द पीपल’, जुन्या कागदावरच्या वळणात. जवळ गेलं की अक्षरं फुटतात, नुसती लोंबती टोकं. १७८७ साली ते शब्द लिहिले, त्याच कागदावर प्रतिनिधी ठरवायला पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशोब मांडला. मत मात्र एकालाही नाही. आपल्या घटनेची सुरुवातही ‘आम्ही भारताचे लोक’ अशीच. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. म्हणून ही भिंत मला परकी वाटत नाही. त्या लेस पायताणाच्या आहेत, आणि पायताण कोण शिवतं हे तुम्हाला मी काय सांगू?