चित्रांचें ओझें



आजच्या विषयाचें नांव ऐकून कित्येकांस वाटेल कीं, चित्राला कसलें आलें ओझें? भिंतीवरची तसबीर खिळ्याला जड होते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मोबाईलमधील छायाचित्र तर हातालाहि लागत नाहीं. तथापि त्यालाहि वजन असतें, आणि पुष्कळदां तें दुसऱ्यास वाहावें लागतें.

छायाचित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळीच होय. ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच असें चित्र आजचा साधारण मोबाईल सहज काढतो. म्हणजे ठिपके झाले १ कोटि २० लक्ष. प्रत्येक ठिपक्यांतील तांबडा, हिरवा व निळा यांचें प्रमाण एकेका बाइटांत लिहिलें, तर एकूण वजन सुमारें ३६ मेगाबाइट भरेल. मोबाईल तें आधींच दाबून तीन-चार मेगाबाइटांवर आणतो.

ही किमया साधणारी जी पद्धति सर्वत्र रूढ आहे, तिचें नांव जेपेग. तिचें प्रमाण १९९२ सालीं ठरलें. मात्र तिच्या मुळाशीं असलेलें गणित नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव या तिघांनीं १९७४ सालींच प्रसिद्ध केलें होतें. पैकीं अहमद हे बंगळूरास जन्मलेले व त्या काळीं अमेरिकेंतील कॅन्सस स्टेट विद्यापीठांत अध्यापक होते. १९७२ सालीं त्यांनीं या कल्पनेच्या अभ्यासासाठीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितलें. तें मिळालें नाहीं. कल्पना फारच सोपी आहे, असा आक्षेप निघाल्याचें त्यांनीं स्वतःच पुढें लिहिलें आहे. सोपेपणा हा दोष मानणारे परीक्षक आम्हां मास्तरांच्या धंद्यांतहि असतात. पण तो विषय निराळा.

युक्ति अशी. चित्राचे आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद असे चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनांत उजेडाचा सावकाश होणारा बदल किती आणि झपाट्यानें होणारा किती, हें वेगवेगळें मोजावयाचें. अतिसूक्ष्म चढउतार आपल्या डोळ्यांस फारसे जाणवत नाहींत. म्हणून त्यांचे आंकडे ढोबळ करावयाचे, किंबहुना पुष्कळसे शून्यच करून टाकावयाचे. शून्यांची लांबलचक रांग थोडक्यांत लिहितां येते, हें कोणीहि हिशेबनीस सांगेल. आकाश, भिंत, माणसाचा गाल यांत ही काटकसर खपून जाते. छापील अक्षरांच्या तीक्ष्ण कडांभोंवतीं मात्र धुरकट कण दिसूं लागतात. यास्तव नकाशे, आकृत्या व मजकूर यांस पीएनजी ही दुसरी पद्धति बरी. तींत कांहींच गाळलें जात नाहीं.

परंतु दाबण्याइतकीच मोठी बचत आकार लहान करण्यांत आहे, आणि लोक नेमकें तेंच विसरतात. संकेतस्थळावरील पानास १२०० ठिपके रुंदी बहुधा पुरे होते. तेवढ्याच रुंदीचें चित्र केलें, तर ठिपके अकराव्या हिश्शावर येतात, आणि मग तें दाबून २०० किलोबाइटांत बसविणें कठीण नाहीं. सेकंदास दोन मेगाबिट इतकीच गति मिळत असेल, तेथें चार मेगाबाइटांच्या चित्रास १६ सेकंद लागतात. लहान केलेलें एका सेकंदाच्या आंत येतें. शाळेच्या स्नेहसंमेलनाचीं दहा छायाचित्रें जशींच्या तशीं चढविणाऱ्यानें कोंकणांतील एखाद्या वाडीवरच्या पालकाचा विचार करावा. दोन-अडीच मिनिटें तो बिचारा पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसणार, आणि त्याच्या डेटाचे पैसे जाणार ते वेगळेच.

नोकरीच्या अर्जांत तर याहून कठीण प्रसंग येतो. बँकांच्या भरतीच्या अर्जास २० ते ५० किलोबाइटांचेंच छायाचित्र चालतें. शेवटच्या तारखेच्या रात्रीं हें कळलेला उमेदवार घाबरून चित्र इतकें दाबतो कीं चेहरा ओळखूं येत नाहीं. त्यानें आधीं कडेची भिंत कापावी, मग ठिपके कमी करावे, आणि दाबणें शेवटीं ठेवावें. चेहरा स्पष्ट राहतो.

आतां उलट बाजू. एकदां गाळलेलें परत मिळत नाहीं. आमच्या शेजारच्या घरीं आजी वारल्यावर तसबिरीसाठीं छायाचित्र शोधूं लागले, तों मूळ प्रत कोणापाशींच नव्हती. नातलगांत चार वेळां फिरून आलेली तेवढी सांपडली. मोठी करून छापली, तर आजींच्या कपाळावर चौकोनच चौकोन! संदेशाच्या ॲपांतून साध्या रीतीनें पाठविलेलें चित्र वाटेंत पुन्हां दाबलें जातें. म्हणून मूळ प्रत निराळी जपून ठेवावी, लहान करावयाची ती तिची नक्कल. आणि मूळच पाठवावयाची असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

आणखी एक. छायाचित्राच्या फाइलींत तें जेथें काढलें, त्या स्थळाचे अक्षांश-रेखांशहि पुष्कळदां दडलेले असतात. संकेतस्थळावर चढविण्यापूर्वीं तेवढे काढून टाकावे. त्यानें वजन फारसें उतरत नाहीं, पण घरचा पत्ता तरी चव्हाट्यावर येत नाहीं.