पाळीचं दुखणं आणि फितूर राखणदार



संयोजकांनी बजावलंय, "तुझ्या विषयावर बोल, पण पाच मिनिटंच, आणि आम्हाला कळेल असं." माझा विषय एंडोमेट्रिओसिस. नाव अवघड आहे, पण दुखणं घरोघरीचं. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर किंवा ओटीपोटात रुजतात. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात, पाळीत जीव नकोसा होतो. जननक्षम वयातल्या साधारण १० पैकी एकीला हा आजार असतो. निदानाला मात्र कित्येकदा ४ ते १२ वर्षं लागतात. यातली बरीचशी वर्षं "लग्न झालं की थांबेल" या उत्तरापायी जातात, असं माझं मत.

१९२७ साली जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं, की पाळीचं थोडं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण असं रक्त तर बहुतेक स्त्रियांमध्ये उलटं जातं. मग आजार काहींनाच का? इथे प्रतिकारशक्ती येते. एरवी भक्षक पेशी आणि 'नॅचरल किलर' पेशी हा केर झाडून टाकतात. या आजारात किलर पेशी मंदावलेल्या दिसतात. भक्षक पेशी तर केर काढायचं सोडून त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. राखणदारच फितूर!

जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून, हा आजार कोणाला होतो यातला जवळजवळ निम्मा फरक जनुकांमुळे पडतो. २०२३ च्या एका अभ्यासात ६० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांची माहिती तपासली, तेव्हा जनुकसंचात संबंधित ४२ जागा सापडल्या. आमवातासारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजाराशीही याचं जनुकीय नातं दिसलंय. पण प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. रक्त तपासून "हिला होणारच" असं सांगता येत नाही. अशी चाचणी कोणी विकायला आलं तर पैसे वाचवा.

आणि मित्रांनो, डुलक्या काढू नका. सासरी याला 'माहेरून आणलेलं दुखणं' म्हणतात, पण मुलीची निम्मी जनुकं बापाकडून येतात. तेव्हा डॉक्टर विचारतील तेव्हा आई-मावशीबरोबर आत्याचाही इतिहास सांगा.

२०२३ च्या त्या अभ्यासातल्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. भारतीय स्त्रियांवरचं काम आता आपल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने हाती घेतलंय.

ज्यांची लेक दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडवते, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. मी शेवटच्या बाकावर आहे, नेहमीच्याच.