बसल्या जागी शोध

पाणीपट्टीची बिलं काढणारा एक जुना प्रोग्रॅम माझ्याकडे सांभाळायला आहे. त्यात दोन हजारांवर फाइली आहेत आणि बहुतेक माझ्या आधीच्या माणसांनी लिहिलेल्या. पावतीवर रक्कम चुकीची छापून येते, असा फोन आला की दुरुस्ती असते एका ओळीची. पण ती ओळ कुठल्या फाइलीत आणि ती फाइल कुठल्या फोल्डरात? पूर्वी मी हातातली फाइल बाजूला सारायचो, एक फोल्डर उघडायचो, त्यातला दुसरा, त्यातला तिसरा. फाइल सापडायची, पण तोवर मघाशी डोक्यात मांडलेला सगळा हिशोब विस्कटलेला असायचा. तो पुन्हा मांडायला पहिल्यापासून सुरुवात. शोधण्यात गेलेल्या दोन मिनिटांपेक्षा मला ही मोडलेली बैठक जास्त खुपायची.

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. अभ्यासक आपल्या टेबलाशी बसतो, मागितलेला रुमाल त्याच्यासमोर येतो. समोरची वही मिटावी लागत नाही. संगणकावर लिहिणाऱ्यालाही अशी सोय हवी होती, आणि ती आता आहे. तिच्याविषयीच आज मी बोलणार आहे.

मी ज्या टेक्स्ट एडिटरात काम करतो त्याचं नाव विम. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात व्हीआय नावाचा एडिटर लिहिला. त्याच वळणावर ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने विम घडवला आणि १९९१ मध्ये लोकांच्या हाती दिला. यात सगळं काम कीबोर्डवर चालतं. मात्र कशाची यादी बघायची तर पडद्याचे तुकडे करावे लागत. यादीला जागा द्यायला लिहिता मजकूर आक्रसायचा, ओळी वर-खाली सरकायच्या आणि नजर आपली जागा हरवायची.

डिसेंबर २०१९ मध्ये विमची ८.२ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर पॉपअप खिडक्या आल्या. मजकुराच्या वर अलगद येणारी आणि काम झालं की नाहीशी होणारी ही चौकट. तिची करामत दाखवायला मोलेनार यांनी एक खेळच लिहिला. तुमच्या मजकुरावरून मेंढ्या चालत जातात आणि तुम्ही त्यांना टिपायचं. मेंढ्या पडद्यावरून गेल्या की खालचं अक्षर न् अक्षर जागच्या जागी असतं. मला तो खेळ बघूनच या खिडकीचं मोल कळलं.

या खिडकीत शोध बसवण्याचं काम प्लगइन करतं, म्हणजे एडिटरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. मी वापरतो ते एफझेडएफ या शोधयंत्रावर उभं आहे. दक्षिण कोरियाच्या जुनेगन चोई यांनी २०१३ मध्ये ते तयार केलं. एक कळ दाबली की मजकुरावर खिडकी उघडते. तिच्या एका बाजूला सगळ्या फाइलींची यादी आणि दुसऱ्या बाजूला, ज्या फाइलीवर आपण आहोत तिचा आतला मजकूर. फाइल न उघडताच ओळख पटते.

आता पावतीची ती फाइल शोधू. ती आहे बिलिंग या फोल्डरात, त्यातल्या रिसीट या फोल्डरात, आणि तिचं नाव प्रिंट. मला पूर्ण नाव आठवत नाही. मी इंग्रजी बी दाबतो, यादी आखडते. आर दाबतो, आणखी आखडते. पी दाबतो आणि हवी ती फाइल वर येऊन बसते. दाबलेली अक्षरं नावात त्याच क्रमाने यावीत, एवढीच अट. मध्ये कितीही अक्षरं गेली तरी चालतं. बरं, रिसीटच्या स्पेलिंगमध्येही एक मुका पी आहे. पण शब्दाच्या सुरुवातीला जुळलेल्या अक्षराला हे यंत्र जास्त गुण देतं, म्हणून प्रिंटचा पी धरला जातो. माणूस नावं अशीच लक्षात ठेवतो. सुरुवात आठवते, मधलं निसटतं. त्या अर्धवट आठवणीला इथे मान आहे.

मराठीला याचा वेगळाच फायदा होतो. देवनागरी मजकूर संगणकात साठवताना काना, वेलांटी, उकार ही चिन्हं मूळ अक्षरापासून सुटी ठेवली जातात. त्यामुळे ती गाळून नुसतं प, ण, प, ट एवढंच टाइप केलं तरी पाणीपट्टी सापडते. कोणी फाइलीच्या नावात ‘णी’ दीर्घ लिहिला असेल, कोणी ऱ्हस्व, तरी दोन्ही फाइली समोर येतात. ऱ्हस्वदीर्घाच्या धास्तीने मराठी नावं टाळून रोमन लिपीत फाइली ठेवणारी कितीतरी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना मी कळकळीने सांगेन, आपल्या भाषेत नावं द्या, ती सापडतात. विम ज्यात चालतो त्या टर्मिनलमध्ये मात्र आपली जोडाक्षरं अनेकदा फुटलेली दिसतात. शोध पुढे गेला आहे आणि दिसणं मागे राहिलं आहे. हे काम आपल्याकडच्या तरुण प्रोग्रॅमरांनी अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. विम त्यांनी फुकट दिला आणि एकच विनंती केली, युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा. तिथल्या किबाले गावात ते स्वतः पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी राहिले होते. पाणीपट्टीची फाइल उघडताना मला ते हमखास आठवतात.

पावतीतली ती ओळ दुरुस्त होते. पुन्हा ती कळ, पुन्हा खिडकी, दोन अक्षरं, आणि मी माझ्या पहिल्या फाइलीत परत येतो. फोन आला तेव्हा एक वाक्य अर्ध्यावर राहिलं होतं. कर्सर त्याच्याच शेवटी लुकलुकत असतो, आणि पुढचा शब्द मला अजून आठवत असतो.