आवड नव्हे, पीठ लागायचं

धारा काढून निवांत बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल, तरी चालेल.

मागच्या महिन्यात मी तीन गावांच्या गटबैठकांना गेले. हप्ते गोळा झाले, वह्या लिहून झाल्या. मग म्हटलं, आपल्या केंद्रावर कलाकारांच्या मुलाखती लागतात, तुमच्या गावातलं कुणी सुचवा. तिन्हीकडे एकच उत्तर आलं, "आमच्या गावात कुठले आलेत कलाकार?" एका गावात तर हे म्हणणाऱ्या बाईंच्या मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी होती!

त्यांना काय हसायचं? मी बी.ए. झाले तरी कलाकार म्हणजे पुस्तकात फोटो असलेलं माणूस, असंच मला वाटायचं. बहिणाबाई चौधरींची कविता आपण सगळ्या शाळेत शिकलो. पण त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी ती गाणी उतरवून घेतली म्हणून राहिली, आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळत लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा कुठे 'जिणं आमुचं' बाहेर आलं. त्या दुकानात मीठ-मिरची घ्यायला येणाऱ्या किती जणींना ठाऊक असेल, की समोर लेखिका बसली आहे?

आता माझी पहिली मुलाखत सांगते. ती फसली होती. आमच्या गटात एक आक्का आहेत, सत्तरीच्या पुढच्या. जात्यावरच्या ओव्या त्यांच्याकडे पोत्यानं. मी त्यांना गाडीवर बसवून केंद्रात आणलं, खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावला आणि छापील प्रश्न विचारला, "आपल्याला ओव्यांची आवड कशी निर्माण झाली?"

आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आवड? पीठ लागायचं."

पुढची दहा मिनिटं हो-नाही, हो-नाही. एकही ओवी आठवेना. जात्यावर बसलं की ओवी सुचते, हे आपण म्हणतो, पण मी जातं घरी ठेवून नुसत्या आक्काच उचलून आणल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात आम्हीच त्यांच्या घरी गेलो. कोपऱ्यातल्या जात्यावर खताच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या, त्या काढल्या. समोर त्यांची जाऊ बसली. दोघींनी एकच खुंटा धरला, ओंजळभर ज्वारी घातली, आणि पाऊण तास गाणं थांबलं नाही. मी विचारलं ते एवढंच, की हे जातं कुणी आणलं, समोर कोण बसायचं, सासू जागी असताना कुठली ओवी म्हणायची नाही. याला उत्तरं हो-नाहीत येत नाहीत. ज्या जणी रेकॉर्डिंग शिकताहेत त्यांच्यासाठी सांगते, रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नका. जात्याची घरघर फरशीतून चढते आणि आवाज गिळून टाकते. आम्ही पालथ्या डब्यावर चादरीची घडी ठेवून त्यावर ठेवला.

कार्यक्रम छान झाला. फोन आले. मी खुशीत होते.

त्यात एक ओवी भावावर होती. हक्कसोडपत्रावर सही केली, त्यानंतर दिवाळीला माहेरचं बोलावणं आलं नाही, अशी. आपलं केंद्र लहान, आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. आक्कांचं माहेर त्या दहा-बारा किलोमीटरच्या आतच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला, तो मला नव्हे, आक्कांच्या मुलाला. आक्का पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. हप्ता नातीच्या हाती पाठवला.

मी घरी गेले. संमतीच्या कागदावर त्यांचा अंगठा होता, तो कागद माझ्या पिशवीत होता. बाहेर काढायची हिंमत झाली नाही, आणि झाली नाही तेच बरं. आक्का म्हणाल्या, "जात्यापाशी बोललेलं जात्यापाशी राहतं, बाई. तू गावभर केलंस." मी माफी मागितली. त्यांनी चहा केला, पण बोलल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या कार्यक्रमाची रीत बदलली. आधी रेकॉर्डिंग, मग त्या बाईंच्या घरी जाऊन सगळं त्यांना ऐकवायचं, आणि त्या म्हणतील ते काढायचं. याला एक खेप जास्त लागते, पेट्रोल लागतं, केंद्रातले कुरकुरतात. कुरकुरू देत. आक्कांनी आपल्या रेकॉर्डिंगमधल्या तीन ओव्या काढायला लावल्या. भावाची त्यातच होती. ती पुन्हा लागलेली नाही.

आणखी एक त्यांनीच दाखवलं. निवेदनात मी म्हणाले होते, "ऐकू या पारंपरिक ओव्या." आक्का म्हणाल्या, यातल्या काही माझ्या आईच्या, काही मी जुळवलेल्या, मग पारंपरिक कोण? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. आम्हाला एका आक्कांचं नाव नीट घ्यायला जमलं नव्हतं. आता बाई सांगेल तसं नाव घेतो, आणि नको म्हणाली तर घेत नाही.

पैशाचंही बोलते. तमाशात उभं आयुष्य गेलेल्या एका बाईंना बोलावलं, तर त्यांनी पहिलं विचारलं, "किती देणार?" माझ्या सोबतिणीला ते खटकलं. मला नाही खटकलं. दुकानदाराची जाहिरात आपण फुकट लावतो का? थोडं का होईना मानधन आणि जाण्यायेण्याचं भाडं आता ठरवून ठेवलं आहे.

येत्या मंगळवारी मी त्या गोधडीवाल्या बाईंकडे जाणार आहे. आधी नाहीच म्हणत होत्या. आता तयार झाल्यात, पण दोन अटींवर. बोलताना सुई थांबवायची नाही. आणि नवऱ्याबद्दल विचारायचं नाही, कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, तेवढंच विचारायचं. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर बैठकीत मला सांगा, पण आधी तिला विचारून.