सापाच्या रंगाचा वारसा

वाटाण्याच्या फुलाचा रंग पुढल्या पिढीत उतरतो की नाही, हे पाहण्यास एक हंगाम पुरतो. सापाच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न वर्षानुवर्षांचा धीर मागतो. सापाचे पिल्लू वयात येण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि मादी बहुधा वर्षातून एकदाच अंडी घालते. म्हणूनच मेंडेलचे नियम सापालाही लागू पडतात की काय, याचा प्रयोगाने मिळालेला एक दाखला विशेष मोलाचा आहे.

अमेरिकेच्या आग्नेय भागात ‘कॉर्न स्नेक’ नावाचा एक बिनविषारी साप आढळतो. तो धामणीच्याच कुळातला. नारिंगी अंगावर तांबडे पट्टे, त्यांना काळी किनार आणि पोटावर मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांची आठवण करून देणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चौकटी, असे त्याचे रूप असते. १९५३ साली उत्तर कॅरोलायना राज्यात या जातीचा एक अजब नर सापडला. त्याच्या अंगावर काळ्या रंगाचा मागमूस नव्हता. डोळे लाल होते. तांबडा व नारिंगी रंग मात्र जसेच्या तसे होते.

हा परिणाम आहाराचा, अंड्यात असताना झालेल्या एखाद्या बिघाडाचा, की वाडवडिलांकडून आलेला? एकटा साप याचे उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी त्याचा वंश वाढवावा लागतो. डॉ. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञांनी ते काम अंगावर घेतले. १९५९ साली या नराची जोडी नेहमीच्या रंगाच्या मादीशी लावण्यात आली. जन्मलेली पिल्ले सर्व नेहमीच्याच रंगाची होती. उतावळ्या माणसाने येथेच निकाल देऊन टाकला असता की, हा गुण आनुवंशिक नव्हे. परंतु पुढे १९६१ साली याच वंशात काळ्या रंगाविना असलेली पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. १९६२ साली डॉ. बेक्टेल व एलिझाबेथ बेक्टेल यांनी ही हकीकत शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

याचा उलगडा असा. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणाची दोन जनुके मिळतात, एक पित्याकडून व एक मातेकडून. काळा रंग निर्माण करणारे एक जनुक धड असले तरी काम भागते. दोन्ही बिघडलेली असतील तरच तो रंग नाहीसा होतो. पहिल्या पिढीतील पिल्ले दिसण्यात सर्वसाधारण असली, तरी प्रत्येकाच्या ठायी एक बिघडलेले जनुक दडलेले होते. अशा दोघांची जोडी जमली, म्हणजे सरासरीने चारांतील एक पिल्लू रंगहीन निपजते.

‘सरासरीने’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अशा जोडीच्या बारा पिल्लांत एकही रंगहीन न निघण्याचा संभव शंभरांत सुमारे तीन इतका असतो. तेव्हा एका विणीवरून नकार देणे धोक्याचे. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे संशयित सापाची जोडी रंगहीन सापाशी लावणे. त्यात दडलेले जनुक असेल, तर निम्मी पिल्ले रंगहीन व्हावयास हवीत. दहाही पिल्ले सर्वसाधारण निघाली, तर ते जनुक असूनही असे घडण्याचा संभव हजारात एकाहूनही कमी. शिवाय सापाची मादी नराचे बीज दीर्घकाळ पोटात साठवू शकते; म्हणून प्रयोगातील मादीचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर पितृत्वच संशयित ठरते.

पुढे २०१५ साली, या सापातील बिघाड ‘ओसीए-२’ नावाच्या जनुकात असल्याचे संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्या जनुकात एक परका तुकडा घुसलेला आढळला. याच नावाच्या जनुकातील दोषामुळे मनुष्यातही जन्मजात वर्णहीनतेचा एक प्रकार उद्भवतो.

सावळ्या आईबापांच्या पोटी गोऱ्यापान कातडीचे व फिक्या केसांचे मूल जन्मले, की कोणी ग्रहणाला, कोणी मातेच्या आहाराला, तर कोणी तिच्या शीलाला दोष देतो. कॉर्न स्नेकच्या त्या पहिल्या पिढीने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जनुकाचा वारसा एक पिढी डोळ्यांना न दिसताही पुढे चालत राहतो, आणि असे मूल जन्मण्यास तो माता व पिता या दोघांकडूनही यावा लागतो. मग एकट्या मातेस बोल लावण्यास आधार तो कोणता?