सही कोणाची, हात कोणाचे



श्रोतेहो, जपानी चित्रकार शाराकूची नटांची चित्रं तुमच्या पाहण्यात आहेतच. निदान मान पुढे काढून, पंजे फाकवून लुटायला निघालेला एदोबेई तरी. त्या भूमिकेत जपानच्या काबुकी नाट्यातला नट तिसरा ओतानी ओनिजी, साल १७९४. विषय निघाला की जो तो विचारतो, हा शाराकू होता कोण? दहाएक महिन्यांत १४०हून अधिक छापचित्रं देऊन गेला कुठे? विचारा की! माझं गाऱ्हाणं निराळं आहे. ही चित्रं छापली कोरलेल्या लाकडी फळ्यांवरून, आणि शाराकूने लाकडाला हातही लावलेला नाही.

सणाला डाळ एकीने शिजवली, पुरण दुसरीने वाटलं, पोळ्या तिसरीने लाटल्या. नाव झालं बेत सांगणाऱ्या वहिनींचं. पोळी फाटली तर मात्र बोल लाटणारीला! शाराकूच्या एदो शहरातल्या वहिनी म्हणजे चित्रकार.

लाटणारा, म्हणजे कोरणारा, काय करी? चित्रकाराचा पातळ कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा आणि रेघेच्या दोन्ही अंगांनी लाकूड काढून टाकायचं. रेघ उरते, कागद जातो. चित्रकाराच्या हातची रेघ कोरतानाच संपते, हे ध्यानात घ्या. ओनिजीच्या कपाळाशी केस सुरू होतात तिथे डोळे नेऊन बघा. ती केसाएवढी बारीक रेघ सुरीची आहे, कुंचल्याची नाही.

पुन्हा सांगतो, कारण हे कानांवरून जातं : शाराकूने लाकडाला हात लावलेला नाही.

मग तव्यापाशी उभा तो छापणारा. रंगागणिक वेगळी फळी. ओलसर कागद फळीवरच्या खाचेत नेमका टेकवून बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासायचा. एदोबेईच्या मागची ती काळपट चमक अभ्रकाची, तीही त्याचीच करामत.

आता छापावर बघा. शाराकूची सही आहे. प्रकाशक त्सुताया जूझाबुरोची फुजी पर्वत आणि वेलीच्या पानाची खूण आहे. तपासनिसाचाही शिक्का आहे, म्हणजे जेवणाला नुसती परवानगी देणारासुद्धा पंगतीत! लाटणारीचं नाव नाही. आणि तुम्ही मंडळी दिवाणखान्यात चित्र लावता, पाहुण्यांना 'शाराकू' म्हणून दाखवता, झालं.

पुढे १८५०च्या सुमारास चित्रकार कुनिसादाच्या काही नटचित्रांवर कोपऱ्यात छोटासा 'होरी ताके' दिसतो. होरी म्हणजे कोरणारा. साठ वर्षांनी का होईना, पण... काचेपलीकडून बोट दाखवताहेत, एक मिनिट उरलंय. छापणाऱ्याचं सांगायचं राहिलंच. त्याचं असं की, ओला कागद वाळताना आखडतो, आणि दहा फळ्यांचे रंग एकमेकांवर बसवायचे तर